दहा लाख नोडचा रँडम ग्राफ ८ जीबीच्या लॅपटॉपवर कसा बनवायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

कोल्हापुरात फायनल इयरच्या प्रोजेक्टची धांदल सुरू झाली की दोन-चार ग्रुप तरी ग्राफवरचं काहीतरी घेतातच. ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा; ठिपक्याला नोड म्हणायचं, रेघेला एज. शॉर्टेस्ट पाथ, पेजरँक, कम्युनिटी शोधणे, असलं काहीतरी. अल्गोरिदम लिहून होतंय, छोट्या ग्राफवर चालतंय पण, आणि मग गाईड म्हणतात मोठ्या डेटावर चालवून दाखवा, तिथं सगळं अडकतंय. मग पोरं एकात एक दोन फॉर लूप घालून स्वतःच ग्राफ बनवायला बसतात आणि रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरत राहतोय, सकाळी बघावं तर प्रोग्रॅम अजून चालूच. मी यातनं गेलोय, ज्युनिअर पोरं अजून तेच तेच विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पूर्ण लेखात एकच गोष्ट धरून ठेवा: जेवढ्या एज, तेवढंच काम. ज्या जोडीत एज येणारच नाही तिला कोडनं हातसुद्धा लावायचा नाही. बाकी सगळं यातनंच निघतंय.

काय काय लागेल

- पायथॉन ३ आणि नमपाय (आकड्यांच्या मोठ्या याद्या झटपट हाताळणारी लायब्ररी). नमपाय किमान १.१७, आणि विंडोजवर असाल तर २.० च्या पुढचंच टाका, कारण खाली सांगतो.
- सायपाय, स्पार्स मॅट्रिक्ससाठी (बहुतेक खाने शून्य असलेला तक्ता). ग्राफची लायब्ररी नेटवर्कएक्स असू दे, पण फक्त लहान ग्राफ तपासायला.
- सी++ येत असेल तर जी++. नसेल येत तरी अडत नाही.
- ८ जीबी रॅम बास होते.
- वही आणि पेन. हे चेष्टेनं म्हणत नाही, दोन नंबरची स्टेप कागदावरच करायची आहे.

१. आधी मॉडेल ठरवा, कोड नंतर

"रँडम ग्राफ" म्हणजे एकच गोष्ट नाही, आणि निम्मा घोळ इथंच होतोय.

जी-एन-पी: एन नोड घ्या, प्रत्येक जोडीत पी एवढ्या शक्यतेनं एज टाका. याला सगळे एर्दोश-रेनी म्हणतात, पण हे रूप गिल्बर्टनं १९५९ मध्ये मांडलेलं आहे. एर्दोश आणि रेनी यांनी त्याच वर्षी मांडलं ते जी-एन-एम, म्हणजे एन नोड आणि नेमक्या एम एज. व्हायव्हाला हे विचारतात, लक्षात ठेवा.

बाराबाशी-अल्बर्ट, १९९९: नवीन नोड येतो तो ज्याच्याकडे आधीच जास्त एज आहेत त्यालाच जास्त करून चिकटतो. ज्या मिसळीच्या गाडीवर गर्दी दिसते तिथंच गावात नवीन आलेला माणूस थांबतो, तसंच. त्यामुळं थोडे नोड प्रचंड मोठे होतात, त्यांना हब म्हणायचं. सोशल नेटवर्क, वेबसाइटच्या लिंक, असला विषय असेल तर हे घ्या.

रँडम जिओमेट्रिक: नोड म्हणजे नकाशावरचे बिंदू, आणि ठरावीक अंतराच्या आतले बिंदू जोडायचे.

आता ट्रॅप बघा. एखादा ग्रुप "कोल्हापूर शहरातलं ट्रॅफिक" असा विषय घेतोय आणि डेटा म्हणून जी-एन-पी वापरतोय. अहो त्यात रंकाळ्याच्या कडेचा चौक थेट गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या गेटला जोडला जाईल, मधे काहीच नाही, आणि एखाद्या चौकाला पंचवीस रस्ते फुटतील. खरा चौक म्हणजे तीन नाहीतर चार रस्ते, आणि तेही शेजारच्याच चौकांना जाणारे. रस्त्यांसाठी जिओमेट्रिक घ्या किंवा सरळ ओपनस्ट्रीटमॅपचा खरा डेटा उतरवून घ्या. जी-एन-पी हे अल्गोरिदमची स्पीड मोजायला चांगलं आहे, शहर दाखवायला नाही.

जिओमेट्रिकचं कोड करताना सगळे बिंदू एकमेकांशी तपासू नका. नकाशाचे त्रिज्येएवढ्या बाजूचे चौकोन पाडा, आणि प्रत्येक बिंदू स्वतःच्या आणि शेजारच्या आठ चौकोनांतल्या बिंदूंशीच तपासा. झालं, त्याबद्दल एवढं पुरे.

२. मेमरीचा हिशोब कागदावर करा

समजा एन = १० लाख, आणि प्रत्येक नोडला सरासरी १० शेजारी पाहिजेत. मग एज किती? १० लाख × १० ÷ २ = ५० लाख. आणि एकूण जोड्या किती? एन × (एन − १) ÷ २, म्हणजे जवळपास ५०,००० कोटी. या दोन आकड्यांकडे नीट बघा. ५०,००० कोटी जोड्यांतनं फक्त ५० लाख कामाच्या, म्हणजे एक लाखात एक. हाच आपला पी. सेकंदाला एक कोटी जोड्या तपासल्या असं धरलं (साध्या पायथॉनला हे पण जड जातंय) तरी ५०,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास १४ तास. नोड १ कोटी केले तर शंभर पट, जवळपास दोन महिने. तोवर सबमिशनची तारीख उलटून जाईल.

आता साठवायचं कशात:

- अॅडजसन्सी मॅट्रिक्स: प्रत्येक नोडची एक ओळ आणि एक कॉलम, खान्यात एज आहे की नाही. एका खान्याला १ बाइट धरला तर १ टीबी. एक-एक बिट केलं तरी १२५ जीबी. विषय संपला.
- पायथॉनच्या लिस्टमध्ये टपल: एका एजला शंभर बाइटच्या वर जातात. टपल स्वतः ५६ बाइट, आतले आकडे २८-२८, वर लिस्टचा पॉइंटर.
- नमपायचे दोन अॅरे, ३२ बिटचे: एका एजला ८ बाइट, म्हणजे ५० लाखांना ४० एमबी. बास की!

नेटवर्कएक्स आतनं डिक्शनरीत डिक्शनरी ठेवतंय, त्यामुळं एवढा ग्राफ त्यात घातला तर काही जीबी रॅम खाऊन बसतंय आणि लॅपटॉप हँग. ते वाईट आहे असं नाही, ते या साइजसाठी केलेलंच नाही.

३. दोन लूप सोडा, उडी मारा

हाच या लेखाचा गाभा आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्या जोड्या एका रांगेत लावल्या असं समजा: (०,१), (०,२), (१,२), (०,३), (१,३), (२,३), (०,४)... प्रत्येक जोडीला नाणं टाकत बसायचं, आणि बहुतेक वेळा "नाही" असंच उत्तर येणार. मग प्रत्येक "नाही" वेगळं विचारण्यापेक्षा एकदाच विचारू या, की पुढच्या "हो" च्या आधी "नाही" किती? हा आकडा जिओमेट्रिक डिस्ट्रिब्युशननं (नाव सारखं असलं तरी वरच्या जिओमेट्रिक ग्राफशी याचा संबंध नाही) येतो आणि तो एका रँडम आकड्यातनं थेट काढता येतो. बाटागेल आणि ब्रँडेस यांनी २००५ मध्ये ही पद्धत मोठ्या नेटवर्कसाठी नीट मांडली. कोड एवढंच (फ्लोअर म्हणजे अपूर्णांक कापून उरलेला पूर्णांक):

व्ही = १, डब्ल्यू = −१
जोपर्यंत व्ही < एन:
  आर = ० ते १ मधला रँडम आकडा (० चालतो, १ नाही)
  डब्ल्यू = डब्ल्यू + १ + फ्लोअर( लॉग(१ − आर) ÷ लॉग(१ − पी) )
  जोपर्यंत डब्ल्यू ≥ व्ही आणि व्ही < एन:
    डब्ल्यू = डब्ल्यू − व्ही
    व्ही = व्ही + १
  व्ही < एन असेल तर एज (डब्ल्यू, व्ही) लिहा

हे वाचून पटत नसेल तर हातानं चालवून बघा. एन = ५, पी = ०.३. एकूण जोड्या १०.

पहिला आर = ०.५ आला. लॉग(०.५) ÷ लॉग(०.७) = १.९४, फ्लोअर १. म्हणजे एक जोडी सोडायची. (०,१) गेली, (०,२) ला एज.
दुसरा आर = ०.२. भागाकार ०.६३, फ्लोअर ०. काहीच सोडायचं नाही, लगेच पुढची (१,२) घ्या.
तिसरा आर = ०.९. भागाकार ६.४६, फ्लोअर ६. सहा जोड्या सोडा: (०,३), (१,३), (२,३), (०,४), (१,४), (२,४). आणि (३,४) ला एज.

चौथा आर काढला की लूप संपतोच कारण रांगच संपली. तीन एज आल्या आणि रँडम आकडे लागले चार, दहा नाही. इथं फरक किरकोळ वाटतोय, पण वरच्या १० लाख नोडच्या ग्राफला ५०,००० कोटी आकड्यांच्या जागी ५० लाखांच्या आसपास आकडे लागतात. आतला छोटा लूप पण सगळा मिळून एन वेळाच फिरतोय, म्हणून एकूण काम एन अधिक एम एवढंच.

इथले ट्रॅप:

पी = ० आणि पी = १ वेगळे हाताळा, नाहीतर शून्यानं भागाकार नाहीतर शून्याचा लॉग.

लॉग(१ − आर) च्या जागी "तेवढंच आहे की" म्हणून लॉग(आर) लिहू नका. आर कधीतरी बरोबर ० येऊ शकतो, आणि तो पन्नास लाख आकड्यांत कधी आला तर प्रोग्रॅम मधेच फुटतोय आणि परत चालवलं तर फुटत नाही, असला बग शोधताना डोकं फिरतंय.

पी फार बारीक असेल तर लॉग(१ − पी) च्या जागी लॉग-वन-पी फंक्शन वापरा, −पी देऊन. डबलमध्ये (६४ बिटचा दशांश आकडा) १ मधनं अगदी बारीक आकडा वजा केला की अचूकता जाते, आणि १०^−१७ एवढा बारीक असेल तर उत्तर चक्क १ च येतंय.

नेटवर्कएक्समध्ये हीच पद्धत "फास्ट जीएनपी रँडम ग्राफ" या नावाच्या फंक्शनमध्ये आहे. नुसतं "जीएनपी रँडम ग्राफ" आहे ते सगळ्या जोड्या तपासतंय. नावात एका शब्दाचा फरक, आणि लोक तिथंच फसतात.

४. नमपायमध्ये एका झटक्यात

वरचा लूप पायथॉनमध्ये पण चालतो, पण नमपायमध्ये अजून भारी होतंय. जनरेटरच्या जिओमेट्रिक फंक्शनकडनं सगळ्या उड्या एकदम मागवा, क्युमसम (चालू बेरीज) करा, १ वजा करा. हे झाले रांगेतले नंबर. आता किती उड्या मागवायच्या? एजची सरासरी ५० लाख आणि स्टँडर्ड डेव्हिएशन जवळपास २,२३६ आहे, म्हणून त्या डेव्हिएशनच्या पाच पट जास्तीचे धरून ५० लाख ११-१२ हजार मागवा, आणि एकूण जोड्यांच्या पलीकडे गेलेले नंबर कापून टाका. शेवटचा नंबर अजून आतच असेल तर अजून थोड्या मागवा, ही अट विसरू नका.

मग रांगेतल्या नंबर के वरनं जोडी काढायची:

व्ही = फ्लोअर( (१ + वर्गमूळ(१ + ८ × के)) ÷ २ )
डब्ल्यू = के − व्ही × (व्ही − १) ÷ २

मला वर्गमूळावर भरवसा नाही. के फार मोठा झाला (नोड साडेचार कोटींच्या पुढं गेले की) डबलमध्ये ८ × के नीट मावत नाही आणि व्ही एकनं चुकू शकतोय. म्हणून शेवटी तपासा: डब्ल्यू ऋण आला तर व्ही एकनं कमी, डब्ल्यू व्ही एवढा किंवा जास्त आला तर व्ही एकनं वाढवा, आणि डब्ल्यू परत काढा. दोन ओळी आहेत, घालून टाका.

आणि आता विंडोजवाली गोष्ट. नमपाय २.० च्या आधी विंडोजवर साधा इंटिजर ३२ बिटचा असायचा. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज आणि नमपाय जुनं, असा कारभार बऱ्याच ठिकाणी आहे. साइन्ड ३२ बिटमध्ये एन × (एन − १) हे एन ४६,३४२ झालं की ओव्हरफ्लो (आकडा मावत नाही), आणि अॅरेत कसलीच एरर न देता ऋण आकडे यायला लागतात. त्यामुळं घरच्या उबुंटूवर चाललेलं कोड लॅबमध्ये डेमोच्या दिवशी कचरा काढतंय. रांगेतल्या नंबरांना कायम इंट-६४ असं स्पष्ट लिहा. जोडी काढून झाली की मग नोडचे नंबर ३२ बिटमध्ये ठेवा, ते चालतंय.

५. नेमक्या एम एजच पाहिजेत तर

जी-एन-एमसाठी रांगेतले एम वेगवेगळे नंबर उचलायचे. सोपा मार्ग: एम नंबर रँडम काढा, युनिक करा, जेवढे कमी पडले तेवढे परत काढा. आपल्या साइजला ५० लाख काढले तर डुप्लिकेट सरासरी २५ च्या आसपास येतात, त्यामुळं एक-दोन फेऱ्यांत काम होतंय.

पण काहीजण शहाणपणा करून थोडे जास्तच काढतात, युनिक करतात आणि पहिले एम ठेवून बाकीचे कापतात. युनिक केल्यावर अॅरे सॉर्ट होऊन येतोय! मग कापले जातात ते सगळे मोठ्या नंबरवाल्या नोडचेच. ग्राफ दिसायला बरोबर, आतनं वाकडा. कापायचंच असेल तर आधी शफल करा.

एज निम्म्या जोड्यांपेक्षा जास्त पाहिजे असतील तर ज्या नको आहेत त्या निवडा, त्या कमी असतात.

६. हबवाला ग्राफ

बाराबाशी-अल्बर्टला साधं कोड लिहिलं तर प्रत्येक नवीन नोडला सगळ्या जुन्या नोडच्या डिग्रीची (नोडला किती एज आहेत तो आकडा) बेरीज करून निवड करावी लागते, म्हणजे परत एन वर्ग. यावरची युक्ती मला फार आवडते, बाटागेल-ब्रँडेसच्या त्याच २००५ च्या कामातली आहे. एक लांब अॅरे घ्या, त्यात प्रत्येक एजची दोन्ही टोकं ओळीनं लिहीत जा. ज्या नोडच्या १०० एज, तो त्या अॅरेत १०० वेळा असणारच. मग त्या अॅरेतली कुठलीही एक जागा सरळ सरळ रँडम निवडली की आपोआप डिग्रीच्या प्रमाणात निवड झाली! वजन नको, बेरीज नको.

प्रत्येक नोड व्ही साठी, डी वेळा (डी म्हणजे नवीन नोड किती एज घेऊन येतो):
  अॅरेच्या शेवटी व्ही लिहा
  आत्तापर्यंतच्या भरलेल्या जागांतनं एक रँडम जागा निवडा (आत्ताची धरून)
  त्या जागेवरचा नोड अॅरेच्या शेवटी लिहा

काही एज स्वतःलाच जोडलेल्या येतात, काही दोनदा येतात, त्या शेवटी काढून टाका. डी = ५ आणि १० लाख नोड घेतले तर सगळ्यात मोठ्या हबची डिग्री हजारांच्या घरात जाते. आणि हब कायम सुरुवातीच्या नंबरचेच असतात, कारण ते आधी आले. तुमचा अल्गोरिदम नोड ० पासनं सुरू होत असेल तर त्याला फुकटचा फायदा मिळतोय आणि रिझल्ट उगाच छान दिसतात. म्हणून शेवटी ० ते एन − १ चं रँडम परम्युटेशन काढून सगळ्या नोडची नावं बदला. हे न करता लावलेले ग्राफ मला सबमिशनमध्ये कायम दिसतात.

७. रँडम आकड्यांकडं लक्ष द्या

सी/सी++ वाल्यांनो, विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्टच्या रनटाइममध्ये रँड() जास्तीत जास्त ३२,७६७ देतंय. त्याला मॉड १० लाख केलं तर ३२,७६७ च्या पुढच्या एकाही नोडला एज येणार नाही. कंपायलर काही बोलत नाही. सी++ मधलं एमटी१९९३७ हे रँडम जनरेटर वापरा, ६४ बिटवालं.

सीड (ज्या आकड्यावरनं रँडम आकडे सुरू होतात तो) कायम लिहून ठेवा, रिपोर्टमध्ये पण. "परत चालवून दाखवा" म्हटलं की तोच ग्राफ आला पाहिजे.

काम चार कोअरवर वाटायचं असेल तर जोड्यांच्या रांगेचे चार तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात उड्या स्वतंत्रपणे सुरू केल्या तरी गणित बिघडत नाही, कारण जिओमेट्रिकला मागचं काही आठवत नसतंय. पण चारही प्रोसेसना एकच सीड दिलं तर चौघंही त्याच उड्या मारतात. नमपायच्या सीड-सिक्वेन्सचं स्पॉन वापरून प्रत्येकाला वेगळा प्रवाह द्या.

८. "ग्राफ तुटका येतोय"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सरासरी डिग्री १० असली तरी १० लाखांतले साधारण ४५ नोड एकटे पडणारच, तो बग नाही, गणितच तसं आहे (एन गुणिले ई चा उणे १० वा घात). जी-एन-पी सगळा जोडलेला यायला सरासरी डिग्री लॉग एन (नैसर्गिक लॉग) च्या वर पाहिजे, म्हणजे इथं १३.८ च्या वर, आणि खात्री पाहिजे तर अजून थोडी जास्त. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोठा तुकडा घ्या आणि बाकी सोडा, रिपोर्टमध्ये तसं लिहा.

जबरदस्तीनं जोडायचाच असेल तर आधी रँडम ट्री (सगळा जोडलेला, पण एकही वेटोळं नसलेला ग्राफ) बनवून वर एज टाकतात. चालतंय, पण मग त्याला जी-एन-पी म्हणू नका. आणि ट्री कुठला तेही बघा: प्रत्येक नोडला आधीच्यांतला कुठलाही पालक दिला तर ट्री बुटका येतो, १० लाख नोडला उंची चाळीसच्या आत-बाहेर. प्र्युफर सिक्वेन्सनं (नोडच्या नंबरांची रँडम यादी, तिच्यावरनं ट्री बनतो) काढलेल्या ट्रीची उंची अडीच हजारांच्या आसपास जाते, आणि मग तुमचं रिकर्शनवालं डीएफएस (एकाच वाटेनं खोलवर जाणारा शोध) पायथॉनच्या १,००० च्या लिमिटला धडकतंय. टेस्टिंगला दोन्ही ठेवा.

९. बरोबर आलाय का ते बघा

ग्राफ डोळ्यांनी बघून काही कळत नाही, चित्र काढायच्या नादाला लागू नका, काळा ठिपका येतो नुसता. हे तपासा (एन १० लाख, सरासरी डिग्री १०):

- एज ५० लाखांच्या अलीकडे-पलीकडे सहा-सात हजारांत पाहिजेत. लाखभर फरक असेल तर कोडच चुकलंय.
- डिग्रीची सरासरी १० आणि व्हेरियन्स पण १० च्या जवळ. सगळ्यात मोठी डिग्री ३० च्या आगेमागे.
- त्रिकोण १६७ च्या आसपास, एन कितीही मोठा केला तरी तेवढेच (डिग्रीचा घन भागिले ६). हा चेक मला सगळ्यात आवडतो, कारण चुकीचं कोड इथं हमखास सापडतंय.
- नोडचे दहा समान गट पाडा, प्रत्येक गटाची सरासरी डिग्री सारखी पाहिजे. वरचे शफलचे आणि रँड() चे घोळ इथं उघडे पडतात.
- एन = ५ घेऊन हजारो वेळा चालवा, दहाही जोड्या सारख्याच वेळा येतात का बघा.

१०. फाइलमध्ये लिहिणे

एक-एक एज प्रिंट करत बसू नका, ग्राफ बनायला लागला नाही तेवढा वेळ लिहायला लागतोय. नमपायच्या सेव्हनं बायनरी लिहा, ४० एमबी. टेक्स्टच पाहिजे असेल तर ७० एमबीच्या आसपास धरा. शेजारी एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा: मॉडेल, एन, पी, सीड, नमपायचं व्हर्जन.

अल्गोरिदमला शेजारी पटापट पाहिजे असतील तर एज लिस्टवरनं सायपायचं सीएसआर (प्रत्येक नोडचे शेजारी सलग ठेवणारं स्पार्स मॅट्रिक्स) बनवा, प्रत्येक एज दोन्ही बाजूंनी घालून.

आणि ती टेक्स्ट फाइल गाईडना मेल केली तर ते एक्सेलमध्येच उघडणार, एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढं काही मावत नाही, आणि मग "पन्नास लाख म्हणाला होता, इथं दहाच लाख आहेत" असा फोन येणार. मेलमध्येच आधी लिहून टाका.